मदतनीस नसताना मागील सबफ्रेम पुन्हा बसवणे: मर्सिडीज डब्ल्यू १२४ च्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९६ सालच्या मर्सिडीज ई २२० ची, म्हणजे डब्ल्यू १२४ ची, मागील सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती लोखंडी चौकट, गंजामुळे आपण उतरवली, तिचे सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग करून घेतले, चारही बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या रबरी बैठका, नवे दाबून घेतले आणि आता ती परत गाडीखाली चढवायची आहे. रत्नागिरीच्या घरी दोन खांबी लिफ्ट नाही, हाताखाली कोणी नाही, एक ट्रॉली जॅक आहे आणि गाडी पोर्चमध्ये जॅक स्टँडवर, म्हणजे आपल्या भाषेत घोड्यांवर, उभी आहे. हे काम एकट्याने होईल का आणि कोणत्या क्रमाने करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

होईल. ही गाडी १९९५ पासून पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात जोडली जात होती, त्यामुळे पुण्यात तिची कामे भरपूर आली आणि माझ्या वाट्यालाही बरीच आली; त्यांतली काही सबफ्रेमची कामे मी दुसरा माणूस न घेता केली आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे. दुसरा माणूस या कामात ताकद देत नाही, तो दोनच गोष्टी करतो: वजन धरून ठेवतो, आणि आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला काय चालले आहे ते पाहतो. एकट्याने काम करायचे तर या दोन्हींची सोय वस्तूंनी करून ठेवावी लागते. कामाच्या कोणत्याही क्षणी, हातातला पाना जमिनीवर ठेवून गाडीखालून बाहेर येता आले पाहिजे आणि मागे काहीही सरकता, कलता किंवा घसरता कामा नये. ज्या पायरीला ही अट पूर्ण होत नाही, ती पायरी एकट्याने करायची नाही. तिची मांडणी बदलायची. पुढचे सगळे विवेचन या एका अटीभोवती आहे.

प्रथम गाडीचा आधार. घोड्या सबफ्रेमच्या पुढे, निर्मात्याने लिफ्टसाठी ठरवून दिलेल्या जागांवरच असाव्यात, आणि पुढची चाके जमिनीवर ठेवून त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी माराव्यात. मागचा हँडब्रेक या अवस्थेत निरुपयोगी असतो, हे घाईत विसरले जाते. आपला पोर्च शहाबादी फरशीचा असेल तर घोडीचे चार पाय चार ठिपक्यांवर भार देतात आणि खाली पोकळी असेल तर फरशी तडकते. म्हणून प्रत्येक घोडीखाली १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा चौकोन ठेवावा. उंची वाढवण्यासाठी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही वापरू नयेत. लाकूड भार जास्त झाला तर कुरकुरते, दबते, सूचना देते. सिमेंटचा ब्लॉक कोणतीही सूचना न देता एकदम फुटतो. उंची हवी असल्यास रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे किंवा सागाचे ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून पक्का मचाण करावा. घोड्यांशिवाय दुसरा आधार म्हणून उतरवलेली दोन चाके सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पेटीच्या, खाली आडवी सरकवून ठेवावीत.

उंची किती हवी हेही आधी मोजावे. सबफ्रेम जॅकवर बसवल्यावर जॅक, त्यावरचा पाळणा आणि सबफ्रेम यांची एकत्रित उंची जेवढी होते, तेवढी मोकळी जागा गाडीच्या मागच्या कडेखाली असली पाहिजे. नाहीतर सबफ्रेम आधी गाडीखाली सरकवून मग जॅकवर उचलून ठेवावी लागते, आणि हेच उचलणे आडवे पडून करताना पाठ धरते.

आता चढवण्याआधीची तयारी. माझ्या मते या कामाचा निम्मा वेळ इथेच जायला हवा. पावडर कोटिंगचा थर साधारणपणे ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. दिसायला तो दगडासारखा घट्ट वाटतो, पण बोल्टच्या डोक्याखाली किंवा दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये तो सापडला की काही दिवसांत दबतो आणि बोल्टचा ताण उतरतो. म्हणून जिथे जिथे धातू धातूला टेकतो, म्हणजे दुव्यांचे (चाकाला सबफ्रेमशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश बसणाऱ्या कानांच्या आतल्या बाजू, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) बैठका आणि वॉशर बसण्याच्या जागा, तिथला थर कानशीने किंवा वायर ब्रशने काढून टाकावा आणि उघड्या धातूला प्रायमरचा अगदी पातळ हात द्यावा. सबफ्रेमच्या आट्यांत कोटिंग गेले असेल तर तेही आत्ताच साफ करावे.

बॉडीतल्या आट्यांकडे याहून अधिक लक्ष द्यावे, कारण ते आतून जोडलेले असतात आणि एकदा गेले की दुरुस्तीसाठी पत्रा कापावा लागतो. ते साफ करताना कापणारा टॅप फिरवू नये. तो गंजाबरोबर चांगला धातूही खरवडतो. जुना पण शाबूत आट्यांचा बोल्ट घ्यावा, त्याच्या टोकाला आट्यांतून हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडाव्यात, गंज सोडवणारे तेल घालून तो हाताने आत-बाहेर फिरवावा. गंजाचा चुरा खाचांत जमतो आणि बोल्टबरोबर बाहेर येतो. चारही भोकांत नवा बोल्ट फक्त बोटांनी शेवटपर्यंत जाईपर्यंत हे करत राहावे. ज्या भोकात बोटांनी बोल्ट जात नाही, तिथे पुढे सबफ्रेमचे वजन अंगावर असताना तो जाणार नाही, हे निश्चित समजावे. याच वेळी त्या भोकांभोवतीचा पत्रा बोथट स्क्रूड्रायव्हरने जोर लावून टोचून पाहावा. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात या गाड्या नेमक्या त्या भोकांभोवतीच्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांमध्ये आतून कुजतात. वर रंग अखंड दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. तसे झाले तर काम तिथेच थांबवून वेल्डिंग आधी करावे. या गाडीत पेट्रोलचा पंप आणि त्याच्या रबरी नळ्या मागच्या ॲक्सलच्या अगदी जवळ, गाडीच्या पोटाखाली आहेत; त्यामुळे त्या परिसरात ग्राइंडर किंवा वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची जोडणी काढून, नळ्या बंद करून, पंपाचा संच बाजूला केल्याशिवाय ठिणगी पाडू नये. नळ्यांना बोटाने वाकवून पाहावे. पृष्ठावर बारीक भेगा दिसल्या तर याच वेळी बदलाव्यात, कारण सबफ्रेम जागेवर गेल्यावर तिथे हात पोचत नाही.

नव्या बुशांपैकी एखादा पूर्ण बसलेला नसेल तर सबफ्रेम वाकडी टेकेल, म्हणून चौघांची खोली व्हर्नियरने मोजून जुळवावी आणि दिशेच्या खुणा असल्यास त्या तपासाव्यात. कोठे थोडे सरकवणे भाग पडले तर साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोल नैसर्गिक रबराला फुगवते आणि नवा बुश वर्षभरात मऊ पडतो.

आता मुख्य प्रश्न: चढवायचे काय? या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दुवे आहेत. ही रचना मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० या लहान गाडीत प्रथम आणली आणि पुढे डब्ल्यू १२४ मध्ये तीच आली. दोन्ही बाजूंचे मिळून दहा दुवे, दोन हब (चाक ज्यावर बसते तो भाग), डिस्क, डिफरन्शियल आणि दोन्ही ॲक्सल शाफ्ट सबफ्रेमला बाहेरच जोडून घेतले तर बोल्ट मारणे आरामाचे होते, परंतु तो सगळा संच शंभर किलोच्या घरात जातो, त्याचा तोल डिफरन्शियलकडे झुकलेला असतो आणि दोन्ही टोकांना हब लोंबकळत असल्याने तो जॅकवर डोलतो. दोन माणसे आणि लिफ्ट असेल तेथे तीच पद्धत योग्य आहे. एकट्याने मात्र सबफ्रेम उघडी, एकटीच चढवावी आणि बाकीचे भाग एकेक करून नंतर जोडावेत. बोल्ट मारायला हात वाकडे करावे लागतील आणि दीड-दोन तास अधिक जातील. पण प्रत्येक वेळी हाताळायचे वजन आपल्या आवाक्यात राहील.

सबफ्रेमसाठी पाळणा तयार करावा. १८ मिलिमीटर प्लायची सुमारे ६० बाय ४० सेंटिमीटरची फळी घ्यावी, तिच्या खालच्या अंगाला चार लाकडी पट्ट्या अशा ठोकाव्यात की जॅकची थाळी त्यांच्या चौकटीत घट्ट बसेल आणि फळी थाळीवरून सरकू शकणार नाही. वरच्या अंगाला सबफ्रेमच्या नळ्यांच्या आकाराप्रमाणे ठोकळे स्क्रूने बसवावेत. तोलाचा बिंदू शोधण्यासाठी सबफ्रेम एका आडव्या पाइपावर ठेवून पुढे-मागे सरकवावी. जिथे ती दोन्हीकडे न कलता राहते तिथे खडूने रेघ मारावी, मग पाइप नव्वद अंशांत फिरवून दुसरी रेघ मारावी. दोन रेघांचा छेद जॅकच्या थाळीच्या मध्यावर आला पाहिजे. त्यानंतर सबफ्रेम पाळण्याला दोन रॅचेट पट्ट्यांनी बांधावी. दोरी वापरू नये, ती ताणते.

ट्रॉली जॅकचा एक गुण लक्षात ठेवावा. त्याचा हात वर्तुळाकार फिरतो, म्हणून थाळी वर जाताना सरळ वर जात नाही, ती पुढे-मागेही सरकते, आणि ते सरकणे भरून काढण्यासाठी जॅकला स्वतःच्या चाकांवर गडगडावे लागते. फरशीच्या सांध्यात त्याचे लोखंडी चाक अडकले की जॅक जागचा हलत नाही आणि सबफ्रेम एका बाजूला ओढली जाते; पाहणारा कोणी नसल्याने ती भोकांपासून दूर जात आहे हे आपल्याला उशिरा कळते. म्हणून जॅकच्या वाटेवर सलग, सांधा नसलेला प्लायचा तुकडा अंथरावा.

आणि आता ती वस्तू, जिच्याशिवाय मी हे काम एकट्याने करायला तयार होणार नाही: मार्गदर्शक खुंट्या. सबफ्रेमच्या बोल्टच्याच आट्यांचे दोन जुने बोल्ट घ्यावेत, शक्यतो मूळ बोल्टपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर अधिक लांब. त्यांची डोकी कापून टाकावीत, कापलेले टोक ग्राइंडरवर शंकूसारखे निमुळते करावे आणि त्यात हॅकसॉने एक आडवी खाच पाडावी, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने ती खुंटी फिरवता येते. या खुंट्या बॉडीतल्या कर्णाने समोरासमोरच्या दोन भोकांत, समजा डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या, हाताने बसवाव्यात. सबफ्रेम वर येते तेव्हा बुशांची भोके या निमुळत्या टोकांवर आपोआप ओवली जातात आणि त्यानंतर ती कुठल्याही बाजूला जाऊ शकत नाही. दुसरा माणूस 'थोडी डावीकडे, थोडी पुढे' म्हणत जे करतो, ते या दोन खुंट्या बिनचूक करतात. आट्यांबाबत मात्र काळजी घ्यावी. १२ मिलिमीटरचे बोल्ट १.७५, १.५ आणि १.२५ मिलिमीटर अशा तीन पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरांत, मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात मागितल्यास बहुधा १.७५ चा हातात पडतो आणि तो बारीक आट्यांत दोन फेरे जाऊन अडकतो. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट आटे एकमेकांत घालून उजेडासमोर धरावेत. मध्ये उजेडाची फट दिसली तर पिच वेगळा आहे.

काही जण याच ठिकाणी चार लांब थ्रेडेड रॉड लावून, खालून नट फिरवत सबफ्रेम वर खेचतात. रॉडच्या मजबुतीची शंका नाही. परंतु भाराखाली नट फिरवताना रॉडच बॉडीच्या आट्यांत फिरू लागला आणि जाम झाला तर नुकसान त्या न बदलता येणाऱ्या आट्यांचे होते. वजन जॅकने उचलावे, खुंट्यांनी फक्त वाट दाखवावी, असे माझे मत आहे.

उचलताना दर दोन-तीन पंपांनंतर थांबावे, जॅकचा दांडा हातातून ठेवावा आणि गाडीभोवती एक फेरी मारावी. दुसऱ्या माणसाचे डोळे आपल्याला असे पायांनी भरून काढावे लागतात. सबफ्रेम बॉडीपासून तीन-चार सेंटिमीटरवर आली की तिच्याखाली दोन्ही बाजूंना ओंडके रचावेत, म्हणजे जॅक बसला तरी ती तेवढ्यातच अडेल. हँडब्रेकच्या केबल, ब्रेकच्या नळ्या, सेन्सरच्या वायरी आणि एक्झॉस्टचे हँगर सबफ्रेम आणि बॉडीच्या मध्ये चिमटलेले नाहीत, हे टॉर्चने चारही कोपऱ्यांत पाहावे. ब्रेकची धातूची नळी इथे दबली तर ती बाहेरून फक्त किंचित चपटी दिसते, आणि पुढे ब्रेक दाबल्यावर एक चाक उशिरा धरते.

बुश बॉडीला टेकल्यावर जॅक आणखी पंप करण्याचा मोह होतो, कारण बोल्ट आटे धरत नाही आणि 'अजून जरा वर' हवे असे वाटते. इथे माझ्याकडून एकदा गंभीर चूक झाली. मी पंप करत गेलो, बोल्ट लागला, समाधान वाटले, आणि बाहेर येऊन पाहतो तर डाव्या घोडीच्या थाळीत आणि सिलमध्ये बोटभर फट होती. गाडीचे मागचे वजन माझ्या डोक्यावर एका जॅकवर उभे होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक घोडीवर, थाळी आणि सिल यांच्यामध्ये, वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी अशी ठेवतो की तिचे टोक गाडीखाली पडल्या जागेवरून हाताला लागेल. दर पंपानंतर ते टोक हलके ओढायचे. पट्टी घट्ट असेल तर गाडी घोडीवर आहे. पट्टी सुटून आली तर गाडी उचलली गेली आहे. तत्काळ अर्धा पंप खाली यायचे. हा उपाय अगदी साधा आहे, पण माझी कळकळीची विनंती आहे की तो टाळू नये.

बुश टेकल्यावर उरलेल्या दोन भोकांत, खालच्या मोठ्या वॉशरसह, नवे बोल्ट बोटांनी चढवावेत आणि किमान सहा-सात फेरे बोटांनीच जाऊ द्यावेत. मग एकेक खुंटी काढून तिच्या जागी बोल्ट लावावा. चारही बोल्ट हाताने लागेपर्यंत एकही बोल्ट पान्याने आवळू नये. पहिला बोल्ट घट्ट केला की सबफ्रेम त्याच्याभोवती किंचित फिरते आणि चौथ्या भोकाचे केंद्र मिलिमीटरभर बाजूला जाते. मग तो बोल्ट पान्याने ढकलला जातो, आटे वाकडे धरतो आणि बॉडीतले आटे घेऊन जातो. इम्पॅक्ट गन या टप्प्यात हातात घेऊच नये, कारण वाकडे धरलेले आटे बोटांना लगेच कळतात, गनला कळत नाहीत.

पूर्ण आवळण्याआधी सबफ्रेम गाडीला काटकोनात बसली आहे का, ते मोजावे. बोल्ट आणि भोकांमधल्या जागेमुळे तिला थोडे इकडे-तिकडे व्हायला वाव असतो. सबफ्रेमच्या डाव्या-उजव्या आधारांमधले अंतर साधारण एक मीटर धरले आणि एक बाजू दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर पुढे राहिली, तर मागचा ॲक्सल एका अंशाच्या सहाव्या भागाने, म्हणजे कोनाच्या मापात सुमारे दहा मिनिटांनी, तिरपा होतो. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग किंचित वळवून धरावे लागण्यासाठी एवढे पुरते. मोजण्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. बॉडीच्या पुढच्या भागातली डावी-उजवीकडची समान भोके आणि सबफ्रेमवरची समान भोके यांतून ओळंबा सोडून फरशीवर चार बिंदू खडूने काढावेत, आणि दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. कर्णांत फरक असेल तर लाकडी ठोकळा लावून, पहारीने हलकेच सबफ्रेम सरकवावी. एकट्याने टेप धरताना दुसरे टोक हलते, म्हणून टेपऐवजी न ताणणारी तार खिळ्याला बांधून तिच्यावर खूण करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

त्यानंतर चारही बोल्ट कर्णाच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. आकडा आपल्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेतलाच घ्यावा. गॅरेजमधली जुनी माणसे किलोत बोलतात. १० न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास १ किलोग्रॅम-मीटर, हे लक्षात ठेवून दोन्हींची गल्लत टाळावी. आट्यांना तांब्याची पेस्ट किंवा ग्रीस फासून तोच आकडा लावणे चुकीचे आहे. पान्याला लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो, केवळ दहा टक्के बोल्टला ताणतो. घर्षण थोडेसे कमी झाले तरी बोल्टचा ताण पुष्कळ वाढतो आणि तो कायमचा लांबतो. गंजाची भीती असेल तर आवळून झाल्यावर बाहेरून मेण किंवा अंडरकोट मारावा. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी.

डिफरन्शियल चढवताना तोच जॅक, तोच पाळणा, फक्त ठोकळे बदलून, पट्टीने बांधून वापरावा. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी चकतीचे बोल्ट आवळताना, ज्या बाजूला धातूची फ्लँज टेकते त्या बाजूने पाना फिरवावा आणि रबराच्या बाजूचे टोक स्थिर धरावे. उलट केले तर चकती पिळून बसते आणि काही महिन्यांत भेगाळते. मधल्या बेअरिंगचे बोल्ट आणि शाफ्टची लांबी जुळवणारा नट सैल ठेवून, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलल्यानंतरच पक्के करावेत.

दुवे जोडताना सगळे बोल्ट फक्त टेकेपर्यंत आवळावेत. त्याचे कारण पुढे येतेच.

स्प्रिंग बसवणे हा या कामातला खरोखर धोक्याचा भाग आहे. हिशेब करून पाहावा: स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला ४० न्यूटन धरला आणि ती १५ सेंटिमीटर दाबली, तर ती सहा हजार न्यूटनने, म्हणजे सुमारे सहाशे किलोच्या वजनाइतक्या जोराने, परत ढकलत असते आणि तिच्यात ४५० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, पंचेचाळीस किलोची वस्तू एक मीटरवरून पायावर पडावी, तेवढी. या गाडीची मागची स्प्रिंग खालच्या रुंद दुव्यात आणि बॉडीच्या पेल्यात बसते, तिथे बाहेरून लावायचे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबायची साधने, नीट धरत नाहीत आणि घसरतात. स्प्रिंगच्या आतून जाणारा दांडा आणि दोन थाळ्यांचा कॉम्प्रेसर भाड्याने आणावा. तो फिरवताना इम्पॅक्ट गन वापरू नये, चेहरा स्प्रिंगच्या अक्षात ठेवू नये, आणि दाबलेली स्प्रिंग जमिनीवर ठेवून चहाला जाऊ नये. दाबली की लगेच बसवावी किंवा सैल करावी. वरचा रबरी पॅड जागेवर आहे आणि तारेचे टोक खालच्या दुव्यातल्या खोबणीत टेकले आहे, हे बोटाने नव्हे, टॉर्च आणि आरशाने पाहावे. हा एक टप्पा असा आहे की घरातल्या कोणाला तरी हाकेच्या अंतरावर बसवावे. त्याने कामाला हात लावण्याची गरज नाही.

आता दुव्यांच्या बोल्टांविषयी. त्यांचे बुश रबरी असून रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. दुवा हलतो तेव्हा रबर पिळले जाते, नळी घसरत नाही. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला आणि मग गाडी खाली उतरवली, तर ४० सेंटिमीटर लांबीचा दुवा दहा सेंटिमीटर वर येताना सुमारे साडेचौदा अंश फिरतो आणि बुश कायमचा तेवढा पिळलेला राहतो. गाडी मागून उंच दिसते, खड्ड्यांवर ताठ चालते आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. गिऱ्हाईक मग बुशांच्या दर्जाला दोष देते. म्हणून चाके लावून, मागच्या चाकांखाली लाकडाचे पक्के चौथरे रचून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करावी, डिकीतले स्टेपनी आणि सामान जागेवर ठेवावे, मागचा बंपर चार-सहा वेळा दाबून सोडावा आणि मगच खाली जाऊन सगळे बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्यांना आवळावेत. चौथऱ्यावर गाडी असली तरी सिलखाली घोड्या बोटभर फट ठेवून असू द्याव्यात.

ब्रेक एकट्याने ब्लीड करणे, म्हणजे त्यांच्या नळ्यांतली हवा काढणे, अवघड नाही. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेले ठेवावे, पेडल सावकाश दाबावे आणि सावकाश सोडावे, वरची टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक डावे मागचे असते. तिथून सुरुवात करावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि रत्नागिरीच्या जुलैत अर्धवट उघडा डबा आठवडाभर ठेवून वापरणे योग्य नाही. हँडब्रेक या गाडीत डिस्कच्या आतल्या लहान ड्रममध्ये असतो. चाकाच्या बोल्टच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतले दातेरी चक्र फिरवून तो जुळवता येतो, केबल ताणून जुळवू नये.

पहिल्या दिवशी सबफ्रेम आणि डिफरन्शियल, दुसऱ्या दिवशी दुवे, स्प्रिंग आणि ब्रेक, अशी विभागणी ठेवावी आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की हातातली पायरी पूर्ण करून थांबावे. गाडीखाली जाताना फोन शर्टाच्या खिशात असावा, बाहेर टेबलावर नव्हे.

गाडी रस्त्यावर आल्यावर चारचाकी अलाइनमेंट करून घ्यावे, आणि करणाऱ्याला मागच्या चाकांपासून सुरुवात करायला सांगावे. या गाडीत मागचा टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, एका दुव्याच्या उत्केंद्री (मध्य सोडून फिरणाऱ्या) बोल्टने जुळवता येतो. कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाला, वेगळी जुळवणी नाही, तो गाडीच्या उंचीवर अवलंबून असतो. दोन्ही मागच्या चाकांच्या कॅम्बरमध्ये ठळक फरक आला तर बहुधा एखादी स्प्रिंग खोबणीत बसलेली नसते किंवा एखादा बुश लोंबत्या अवस्थेत आवळला गेलेला असतो. मशीनवर वेळ घालवण्याआधी ते दोन्ही तपासावे. दोनशे किलोमीटर चालवल्यावर गाडी पुन्हा घोड्यांवर घेऊन सबफ्रेमच्या चारही बोल्टांवरच्या पांढऱ्या रेघा पाहाव्यात. रेघ सलग असेल तर बोल्टला हात लावू नये. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर तो बोल्ट आवळून पुढे जाऊ नये, बाहेर काढून त्याच्या वॉशरखाली पावडर कोटिंग राहिले आहे का ते पाहावे.